फळ शेतातले, गारेगार घरचे



ऊन तापू लागले की भर दुपारी गल्लीत गारेगारवाल्याची घंटा वाजते आणि ओट्यावर खेळणारी मुले आजीकडे पैसे मागत धावतात. कुणी लाल गोळा घेतो, कुणी काडीवरची कांडी, तर कुणी प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेले रंगीत पाणी. त्याच वेळी त्याच घराच्या पडवीत आकाराने बारीक राहिलेले चिकू, सालीवर डाग पडलेले आंबे आणि घडातून सुटलेली केळी क्रेटमध्ये पडून असतात. व्यापाऱ्याने नाकारली म्हणून आपणही ती नाकारतो. त्यातली काही जनावरांपुढे जातात, काही उकिरड्यावर. मूल मात्र पैसे मोजून पाणी, साखर आणि रंग विकत घेते.

पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपण बाजाराबद्दल नेहमी वापरतो. पण पिकते तिथे खाल्लेही जात नाही, ही त्याहून मोठी उणीव आहे. ती भरून काढण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे घरच्या फळांचे घरीच केलेले गारेगार. मुलांना थंड हवेच असते. ते त्यांना द्यावे, पण त्यात फळ असावे आणि ते स्वच्छ असावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

दुय्यम प्रतीचे फळ म्हणजे दुय्यम अन्न नव्हे

प्रतवारी ही डोळ्यांसाठी आणि खोक्यासाठी असते. फळ एकसारखे दिसावे, खोक्यात नीट बसावे, लांबच्या प्रवासात टिकावे, म्हणून ती करतात. उन्हाने एका बाजूस चट्टा पडलेला आंबा, वाकडा पेरू किंवा वजनात न बसणारे डाळिंब यांच्या गरात पोषणाच्या दृष्टीने काही कमी नसते. सालीवर तपकिरी ठिपके आलेले केळे तर अधिक गोड असते, कारण पिकताना त्यातील पिठूळ भागाची साखर होत जाते.

तरीही नाकारलेले प्रत्येक फळ घरात घ्यावे असे नाही. बुरशी आलेले, आंबूस वास येणारे, पाणी सुटलेले, अळी पडलेले, तसेच पाखरांनी टोचलेले अथवा वटवाघळांनी चावलेले फळ मुलांसाठी वापरू नये. मऊ फळाचा बुरशीचा भाग कापून उरलेला वापरण्याची सवयही सोडावी. बुरशीचे धागे वरून दिसतात त्यापेक्षा आत खोल गेलेले असतात.

ताटाशी जोड हवी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्त वाढायला लोह लागते. ते आपल्या बाजरीत, डाळीत आणि पालेभाजीत असते, पण धान्य-भाजीतले लोह शरीराला सहज शोषता येत नाही. जेवणासोबत क जीवनसत्त्व मिळाले की ते अधिक शोषले जाते. पेरूत हे जीवनसत्त्व भरपूर असते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. संत्रे, लिंबू आणि आवळा हेही त्याच कामाचे आहेत. पिकलेला आंबा आणि पपई यांतून डोळ्यांना व त्वचेला उपयुक्त असे अ जीवनसत्त्व तयार होते.

शिजवताना क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, गोठवताना मात्र पुष्कळसे टिकते. म्हणून पेरूचे गारेगार भाजी-भाकरीच्या जेवणानंतर लगेच दिले तर जिभेची हौस होते आणि जेवणातले लोहही अंगी लागायला मदत होते. ते जेवणाऐवजी मात्र देऊ नये. ज्या मुलाला रक्तक्षय आहे त्याला आरोग्य केंद्रातून दिलेल्या लोहाच्या औषधाची जागा कोणतेही फळ घेऊ शकत नाही.

थंडीने जंतू मरत नाहीत

बर्फ झाला म्हणजे तो शुद्ध झाला, असा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे. गोठल्यावर जंतू निपचित पडतात. वितळले की पुन्हा जागे होतात. विषमज्वर, हगवण आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांचे जंतू बर्फातूनही पोटात जाऊ शकतात. रस्त्यावरच्या गोळ्याचा खरा धोका रंगापेक्षा त्याच्या पाण्यात असतो. मासळी किंवा अन्य माल थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ खाण्याच्या बर्फापासून वेगळा ओळखता यावा, म्हणून तशा अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ मध्ये करण्यात आला. निळसर छटेचा बर्फ खाण्यासाठी कधीही घेऊ नये. पण पांढरा दिसला म्हणजे तो चांगल्याच पाण्याचा, असेही धरून चालू नये.

घरी करतानाही हेच लक्षात ठेवावे. पाणी घालायचे असेल तर ते खळखळ उकळून, झाकून थंड केलेले असावे. दूधही उकळून थंड केलेले घ्यावे. हात साबणाने धुवावेत. सुरी, पाटा, मिक्सरचे भांडे आणि साचे गरम पाण्याने धुऊन निथळू द्यावेत. फळ कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. साल काढायची आहे म्हणून धुणे टाळू नये. कलिंगडाच्या सालीला लागलेली माती सुरीबरोबर थेट गरात जाते.

भांड्यांबाबत एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. औषधाचा रिकामा डबा, कॅन किंवा पिंप कितीही धुतले तरी ते अन्नाजवळ आणू नये. बर्फ ठेवण्यासाठीसुद्धा नाही.

फवारणीची तारीख पाहिल्याशिवाय फळ तोडू नका

२०१० च्या हंगामात द्राक्षवेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, या संजीवकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत शेवटची फवारणी आणि तोडणी यांतील दिवस काटेकोरपणे मोजले जातात. जी दक्षता परदेशातल्या मुलांसाठी घेतो, तीच आपल्या ओट्यावरच्या मुलांसाठी घ्यायला नको का?

प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणीनंतर किती दिवसांनी फळ काढावे हे दिलेले असते. तो काळ पूर्ण झाल्याशिवाय बागेतले फळ घरात आणू नये आणि मुलांना बागेत तोडून खाऊ देऊ नये. धुतल्याने वरवरचा अंश काही प्रमाणात निघतो, पण झाडाच्या आत भिनणारी औषधे धुऊन जात नाहीत. फवारणीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहिण्याची पद्धत ठेवली, तर घरातल्या बाईमाणसालाही ती पाहता येईल. सर्वांत बरे म्हणजे परसात घरापुरती दोन-चार झाडे राखावीत. एक पेरू, एक लिंबू, एक चिकू आणि सांडपाण्यावर दोन पपया एवढे पुष्कळ झाले. आंबे व केळी पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. घरच्या आंब्याची गवतात अढी लावावी.

मूळ रीत

कोणत्याही फळाला चालेल अशी रीत पुढे देत आहे.

१. पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. जीभ गार झाली की गोडी कमी जाणवते. त्यामुळे अर्धवट पिकलेल्या फळाचे गारेगार फिके लागते आणि मग साखर घालावी लागते.

२. साल, बिया व कोय काढून गर कुस्करावा किंवा मिक्सरमधून काढावा. केळी, पेरू, चिकू यांच्या दोन वाट्या गराला एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालावा, म्हणजे गर लवकर काळा पडत नाही.

३. पाणी शक्य तितके कमी घालावे. पाणी जास्त झाले की मोठे खडे होतात आणि दाताने फोडावे लागते.

४. स्टीलच्या लहान वाट्या, पेले किंवा कुल्फीचे साचे भरावेत. आंबट फळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. काचेचा पेलाही नको, तो तडकतो. गोठताना पाणी फुगते, म्हणून वर बोटभर जागा सोडावी.

५. झाकण लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. झाकण नसेल तर लसूण-मच्छीचा वास लागतो. तासाभराने कडा गोठू लागल्या की एकदा चमच्याने ढवळावे. त्याने बर्फाचे कण बारीक राहतात. मग काडी खोचावी आणि रात्रभर राहू द्यावे. काढताना साचा क्षणभर साध्या पाण्यात धरला की गारेगार सुटते.

काही खास प्रकार

केळ्याचे आइस्क्रीम: सहा पिकल्या केळ्यांच्या चकत्या स्टीलच्या ताटात सुट्या पसरून गोठवाव्यात. बाहेर काढून पाच मिनिटे थांबावे आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. आधी भुगा होतो, मग तो एकजीव होऊन लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. साखर, दूध काहीच लागत नाही. वर भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट दोन चमचे घातले तर पोटाला आधार होतो. भाव पडलेल्या दिवसांत घरातला एखादा घड असा कामी लावावा.

आंबा-चक्का: रायवळ आंबे चीक जाईपर्यंत तासभर पाण्यात ठेवून धुवावेत व रस काढावा. दोन वाट्या रसात एक वाटी ताजा, आंबट नसलेला चक्का फेटून साचे भरावेत. याला आणखी गोडी लागत नाही.

पेरूचे तिखट-मीठ गारेगार: मऊ पिकलेला पेरू थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात कुस्करून चाळणीवर घासावा, म्हणजे बिया वर राहतात. त्यात लिंबू, चिमूटभर मीठ, जिरेपूड आणि मुलाला सोसेल एवढेच तिखट घालावे.

कलिंगडाचा गोळा: कलिंगडात पाणी फार, म्हणून त्याची कांडी दगडासारखी होते. त्याऐवजी बिया काढलेला रस लिंबू पिळून पसरट ताटात अर्धा इंच थर होईल असा ओतावा. गोठल्यावर काट्याने किंवा चमच्याच्या धारेने खरवडावा. वाटीत लालचुटूक भुसभुशीत गोळा तयार होतो आणि रंगाचा एक थेंब लागत नाही. मुलांना हा प्रकार फार आवडतो, कारण तो दिसतोही विकतच्या गोळ्यासारखा.

सीताफळ: याला गोठवणे जितके मानवते तितके दुसरे काही नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून त्याचा जॅम किंवा बर्फी साधत नाही. पिकलेले सीताफळ एका दिवसात हातचे जाते. म्हणून गर चमच्याने काढून चाळणीवर हलक्या हाताने घासावा आणि लगेच गोठवावा. बिया मिक्सरमध्ये मुळीच जाऊ देऊ नयेत. त्या विषारी असतात आणि त्यांची भुकटी डोळ्यांना अपाय करते.

संत्रे: नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो. हा कडूपणा बियांतून व पांढऱ्या पापुद्र्यातून येतो. फोडी सोलून, बिया काढून हलक्या हाताने रस काढावा आणि वेळ न दवडता गोठवावा.

साखर आणि लहान मुले

दोन वर्षांपुढील मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर सगळी मिळून २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण पाच-सहा चहाच्या चमच्यांच्या आतच असावी. त्यातली बरीचशी चहा-बिस्किटातच संपते. म्हणून गारेगारात साखर न घालणे उत्तम. घालावीच लागली तर दोन वाट्या गराला एक चमचा पुरे. गूळ नैसर्गिक म्हणून हवा तेवढा चालतो असे नाही; दातांना आणि वजनाला तो साखरेसारखाच. दोन वर्षांखालील बाळाला साखर घातलेले काही देऊ नये आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये.

पाच वर्षांखालील मुलांबाबत आणखी एक धोका आहे आणि तो जिवावरचा आहे. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात घट्ट बसू शकते. गोठलेले द्राक्ष तर आणखी कठीण. द्राक्षे उभी चिरून चार फाका करून मगच द्यावीत आणि थोडी मऊ होऊ द्यावीत. जांभूळ, बोर यांच्या बिया आधी काढाव्यात. अख्खे शेंगदाणे घालू नयेत. लहानांना काडीऐवजी वाटी-चमचा द्यावा. काडी तोंडात धरून मूल धावताना पडले तर टाळूला इजा होते. खाताना मुलाला बसवावे आणि मोठ्या माणसाने जवळ असावे.

वीज गेली तर, फ्रिज नसेल तर

पदार्थ दीर्घकाळ टिकवायचा तर उणे १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. आपल्या घरच्या एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा तितका थंड राहीलच असे नाही, त्यात वीज येत-जात असते. म्हणून गारेगार आठ दिवसांत संपेल इतकेच करावे.

रात्री वीज किती वेळ गेली हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवावे, त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी कप्प्यातच राहू द्यावी. सकाळी नाणे वरच दिसले तर काळजी नाही. ते बुडून बर्फाच्या तळाशी गेले असेल, तर बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला असे समजावे आणि कप्प्यातले दूध-दह्याचे पदार्थ टाकून द्यावेत. डोळ्यांदेखत गारेगार मऊ पडले आणि अजून गार असेल, तर ते लगेच खाऊन संपवावे; वितळलेले पुन्हा गोठवू नये.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी जुनी कुल्फीची पद्धत वापरावी. घट्ट झाकणाच्या अरुंद स्टीलच्या डब्या पाऊण भरून बादलीत ठेवाव्यात. भोवती तीन वाटे फोडलेला बर्फ आणि एक वाटा खडे मीठ असे थर द्यावेत आणि वरून पोते गुंडाळावे. मिठामुळे बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी अधिक गारठा तयार होतो. डब्या मधूनमधून फिरवत राहिल्यास तासाभरात गर गोठू लागतो. बाहेरचे खारट पाणी आत जाऊ देऊ नये. उघडण्याआधी डबी बाहेरून स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावी. मीठ घातलेला बर्फ उघड्या हाताने फार वेळ धरू नये, त्वचेला चटका बसतो. चार घरांनी मिळून बर्फ आणला तर खर्चही वाटला जातो आणि मुलांची जत्रा होते.

थंड खाल्ल्याने सर्दी होते का?

गावच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी येतो. सर्दी विषाणूंमुळे होते. एकमेकांच्या शिंकण्या-खोकण्यातून आणि हातांवाटे ती पसरते. थंड पदार्थाने ती निर्माण होत नाही. मात्र घसा आधीच दुखत असेल तर कुणाला थंड सोसते, कुणाला नाही. ते पाहून द्यावे. दमा असलेल्या मुलाला थंडाने खोकला येत असेल तर टाळावे. जुलाब होत असताना गारेगार हे औषध नव्हे, तिथे जलसंजीवनीच द्यावी.

या आठवड्यात एवढे करा

पुढची तोडणी झाली की क्रेट व्यापाऱ्याकडे जाण्याआधी एक टोपली घरासाठी बाजूला काढा. प्रत पाहू नका. फळ निरोगी आहे ना आणि फवारणीनंतरचे दिवस भरले आहेत ना, एवढे पाहा. त्यातून दहा-बारा वाट्या गारेगार होईल. बिया काढणे, गर कुस्करणे, वाट्या भरणे ही कामे मुलांनाच द्या. स्वतःच्या हाताने केलेला पदार्थ मूल कौतुकाने खाते आणि फळ खाण्याची सवय आपसूक लागते.

आपल्या मळ्यातली उत्तम फळे शहरातली मुले खातात, यात दुःख नाही. तो आपला धंदा आहे. पण ज्या घरात फळ पिकते त्या घरातले मूल फळाविना वाढू नये. वर्षभर बागेला पाणी देणाऱ्या घरात टोपलीभर फळांवर पहिला हक्क त्या मुलाचा आहे.